समोरच्याची सही

त्या माणसाने माझ्या मुलीचे चौऱ्याण्णव दिवस खाल्ले. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. आमच्या दूध संस्थेच्या भिंतीवर पशुखाद्याचं कॅलेंडर होतं, त्यावर मी रोज सकाळी पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारत होते. दिवाळीनंतरच्या सोमवारी पहिली रेघ मारली आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेला चौऱ्याण्णवावी. देशातल्या सगळ्यात अवघड, अधिकारी व्हायच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणाऱ्या मुलीला त्यांनी या चौऱ्याण्णव दिवसांत तिच्या विषयाचं एकही पुस्तक उघडू दिलं नाही. आणि एवढं करून ते स्वतःला तिचे गुरू वगैरे मुळीच म्हणवून घेत नव्हते. म्हणवून घेतलं असतं, तर निदान भांडायला जागा राहिली असती.

शिनोलीच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेत मी एकवीस वर्षं काम करते. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, मशीनवर फॅट बघायची, नोंद करायची. माझ्या नोंदीत खाडाखोड नसते. तो माणूस, म्हणजे आमचे सर, रोज सकाळी सव्वासहाला स्टीलची किटली घेऊन रांगेत उभे राहायचे. ते तालुक्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत. निवृत्तीच्या आधीच त्यांचा विषय बंद पडला, कारण शेवटी वर्गात एकच पोरगा उरला होता आणि तोही दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या म्हणून आलेला. तो पोरगा सोडून गेल्यावरही सरांनी सत्र संपेपर्यंत तास घेतले, असं त्यांच्याच कॉलेजचा शिपाई सांगायचा. "मी म्हणलं, सर, आत कुणी न्हाई. तर म्हणाले, वेळापत्रकात मी आहे ना?" लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. बाकांना शिकवण्यात काय मिळवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते गावी आले, एकटेच. एक म्हैस घेतली. लहानांना ते अरे-तुरे करत, मोठ्यांना अहो-जाहो करत, आणि म्हशीलाही अहो-जाहो करत. "अहो, जरा सरका." कुणी हसलं तर सांगायचे, "हिचं म्हणणं काय आहे ते मला कधीच कळणार नाही. म्हणून निदान मान ठेवतो." शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचाच. रांगेत कुणी "सगळे म्हणतात" असं म्हटलं की खडू बाहेर. "सगळे म्हणजे कोण? नावं सांगा." संस्थेच्या काळ्या फरशीवर ते नावं लिहायला लागायचे. इतक्या वर्षांत मी पाहिलेली सगळ्यात मोठी यादी तीन नावांची होती, आणि त्यातलं एक नाव बोलणाऱ्याचंच होतं. फरशी पुसायचं काम माझं.

पण गावाने त्यांना नाव पाडलं ते दुसऱ्या खोडीवरून. लोक त्यांना सहीवालं सर म्हणत. त्यांचा नियम असा होता की कुणाशी वाद घालायचा असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपण सांगायचं. नुसतं सांगायचं नाही, लिहायचं, आणि त्याखाली समोरच्याची सही घ्यायची, की हो, माझं म्हणणं हेच आहे. सही मिळाली की मग आपलं तोंड उघडायचं. आपल्याकडे जुने पंडित असेच वाद करत, आधी पूर्वपक्ष मग उत्तरपक्ष, असं ते म्हणायचे. पंडितांना सकाळी सातच्या आत दुधाचा टेम्पो गाठायचा नव्हता, एवढंच मी म्हणेन.

एकदा विहिरीच्या पाळीवरून दोन सख्खे भाऊ रांगेतच भांडायला लागले. सर मध्ये पडले. थोरल्याला म्हणाले, "आधी याचं म्हणणं तू सांग."

"ह्याचं काय म्हणणं असणारे? ह्याला समदं पाणी पायजे."

सरांनी ते फरशीवर लिहिलं आणि धाकट्याला विचारलं, "यावर सही करशील?"

"मी कशापायी करू? मी काय असं म्हणलो व्हय?"

"मग पुन्हा सांग," सर थोरल्याला म्हणाले.

हे पाऊण तास चाललं. शेवटी थोरला धाकट्याला म्हणाला, "चल रं घरी. ह्या मास्तरच्या नादी लागलो तर दोघांच्या बी मोटारी बंद ऱ्हातील." दोघं एका मोटरसायकलवर बसून सरांना शिव्या देत गेले आणि घर येईपर्यंत त्यांच्या पाळ्या ठरल्या. गाव म्हणालं, सरांनी भांडण मिटवलं. मी त्या दिवशी मोजलं, सतरा किटल्या ताटकळत होत्या आणि मागे राहिलेल्या दोन कॅनसाठी मला टेम्पो परत बोलवावा लागला.

मशीनची गोष्ट मला सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका सकाळी सरांनी किटली ठेवली, मी फॅट वाचली, सहा-चार. ते म्हणाले, "ताई, पाच दिवसांमागे सहा-आठ होती."

"म्हशीला विचारा," मी म्हणाले. रांग हसली.

"म्हशीला विचारलं. त्यांचा चारा तोच, पाणी तेच. मग मी या दोघांना विचारलं." मागच्या दोघांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "यांचंही चार पॉइंटने उतरलंय. त्या पलीकडच्या आजीचंही. आता दोनच शक्यता आहेत. एक तर एका रात्रीत गावातली सगळी जनावरं एकदम बिघडली, नाहीतर एक मशीन बिघडलं. तुम्हाला कोणती सोपी वाटते?"

भर रांगेत. "सर, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"माझं म्हणणं काय आहे ते आधी तुम्ही सांगा," ते म्हणाले, "मग उत्तर द्या."

मी सांगितलं नाही. दुपारी शीतकरण केंद्रातून तपासलेल्या दुधाचा नमुना आणून मशीनवर लावला. मशीन चार पॉइंट कमी दाखवत होतं. धुण्याचं औषध संपलं होतं आणि चार दिवस मी ते सोड्याच्या पाण्याने धूत होते, आत साय धरली होती. चूक माझी. मी चार दिवसांच्या सगळ्यांच्या सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या, प्रत्येकाला बोलावून दाखवल्या. सरांना दाखवल्या तेव्हा वाटलं, आता तरी एक चांगला शब्द बोलतील. ते म्हणाले, "दुरुस्त केलंत हे ठीक. पण माझं म्हणणं तुम्ही अजून सांगितलेलं नाही." अशा माणसाशी कसं वागायचं?

आता मुलीचं. मयुरी शेतकी पदवीधर. पहिल्या दिवशीच आमचं तिघांचं, म्हणजे ती, मी आणि तिचे वडील, असं ठरलं होतं की तीन वेळा बसायचं, त्याच्यापुढे नाही. हा नियम मी घातला, कारण आयुष्याची किती वर्षं एका परीक्षेला द्यायची याला काहीतरी आकडा पाहिजे. पहिल्या खेपेला ती पूर्वपरीक्षेतच गेली. दुसऱ्या खेपेला मुख्य परीक्षा दिली, यादीत नाव आलं नाही. गुणपत्रक पाहिलं तर शेतकीच्या दोन पेपरांनीच तिला खाली ओढलं होतं. पाचशे गुणांचा ऐच्छिक विषय. तो चुकला की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. म्हणजे राहिलेली एक खेप कोणत्या विषयावर लावायची हा सगळ्यात मोठा प्रश्न होता, आणि तो मी सोडवला.

मी तक्ता केला. डाव्या बाजूला विषय. पुढे रकाने: अभ्यासक्रमाची पानं, लागणारी पुस्तकं, लागणारे महिने, मराठीत साहित्य मिळतं का, निबंधाच्या आणि नीतिशास्त्राच्या पेपरला उपयोग होतो का. अकरा विषय तपासले. तत्त्वज्ञान पहिलं आलं. अभ्यासक्रम जेमतेम दोन पानं, शेतकीच्या निम्मासुद्धा नाही. क्लासवाल्यांच्या पत्रकांतही तेच होतं, चार महिन्यांत विषय पूर्ण. आणि दोन तालुक्यांत हा विषय शिकवू शकणारा एकमेव माणूस रोज सकाळी माझ्यासमोर किटली घेऊन उभा राहत होता. मला वाटलं, आकडे कधी नव्हे ते आपल्या बाजूने आलेत.

दिवाळीत मयुरीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. लाडू दिले, तक्ता दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला.

"दोन पानं," ते म्हणाले.

"हो. सगळ्यात कमी."

"बत्तीस वर्षं मी हा विषय शिकवला. कुणी म्हणायचं निरुपयोगी आहे, कुणी म्हणायचं बामणी आहे, कुणी म्हणायचं डोकं फिरतं. लहान आहे असं पहिल्यांदा ऐकतोय." त्यांनी तक्ता माझ्यापुढे धरला. "ताई, ही अनुक्रमणिका आहे. अनुक्रमणिका दोन पानांची आहे."

"पण सर, सगळे म्हणतात," असं माझ्या तोंडून गेलं, आणि त्यांचा हात खिशाकडे गेलेला पाहून मी गप्प बसले.

त्यांनी शिकवायला नकार दिला. मी सोडलं नाही. रोज सकाळी फॅट वाचताना विचारत राहिले. आठव्या दिवशी ते म्हणाले, "उद्या लेण्याद्रीला चला. दोघी."

मला वाटलं, गणपतीसमोर होकार देणार. पायथ्याशी पोचल्यावर म्हणाले, "ताई, पायऱ्या मोजा." मला सांगायला नको होतं, मी कुठेही पायऱ्या मोजतेच. चढताना एक आकडा आला. उतरताना दोन जास्त. मी परत चढायला निघाले तेव्हा मयुरीने हात धरला.

"मधला तो सपाट दगड चढताना धरला नाहीत, उतरताना धरलात," सर म्हणाले. ते बारीक लक्ष ठेवून होते. "आणि वरचा उंबरठा. तो पायरी आहे का?"

"ते ठरवलं नव्हतं."

"तेच. तुम्ही आकडा आधी काढता, काय मोजायचं ते नंतर बघता." मग मयुरीकडे वळून म्हणाले, "उद्यापासून ये. पुस्तक आणू नको. एक वही आण."

वर्षातले सहा महिने असणारी गुडघेदुखी त्या दिवसापासून बारा महिन्यांची झाली, हेही मी इथे नोंदवून ठेवते.

मग त्या वहीचे चौऱ्याण्णव दिवस सुरू झाले. काम असं होतं, की मयुरीने रोज सकाळी संस्थेत यायचं, रांगेत जो कुणी तावातावाने बोलत असेल त्याचं म्हणणं ऐकायचं, घरी जाऊन पाच ओळींत लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवून सही घ्यायची. सही नाही मिळाली तर पुन्हा लिहायचं. एवढंच. तिच्याबरोबरच्या मुली पुण्यात दिवसाला बारा-बारा तास अभ्यास करत होत्या आणि माझी मुलगी दुधात पाणी मिसळून आणणाऱ्या माणसाचं म्हणणं नीट समजून घेत होती. त्याने सही केली, आणि वर मला म्हणाला, "काकी, पोरीनं लई भारी लिवलंय. मला बी पटलं माझं." मी त्याचं दूध परत केलं.

मी सरांना रोज दिवस मोजून दाखवायचे. "सर, एकतीस झाले." "सर, पन्नास." ते म्हणायचे, "सह्या किती झाल्या?" पन्नासाव्या दिवशी सह्या होत्या बावीस.

त्याच सुमारास वस्तीवरच्या एका आजीची शेळी बिबट्याने उसात ओढून नेली. आजी रांगेत दोन दिवस बिबट्याचा आणि वनखात्याचा उद्धार करत होती. मयुरीने लिहिलं: बिबट्याला मारावं, नाहीतर पकडून लांब सोडावं, आणि शेळीची भरपाई मिळावी. तिसऱ्या दिवशी तिने ते वाचून दाखवलं. आजीने अंगठा आखडता घेतला.

"असं न्हाई म्हणले मी."

"आजी, परवा तुम्हीच म्हणालात की, मेला पाहिजे म्हणून."

"ते रागात गं. त्याला भूक हाय, त्यो खाणार. माझं म्हणणं, उसाला पाणी द्याया दिवसा लाईट द्या. माझं पोरगं रातचं बॅटरी घिऊन उसात जातं. शेळीचं काय, शेळी गेली. आता उसात कोण हाय?"

मयुरीने पुन्हा लिहिलं. तेही परत आलं, कारण तिने त्यात "कृषिपंपांना दिवसा वीजपुरवठा" असं लिहिलं होतं आणि पोराचं नाव लिहिलं नव्हतं. तिसऱ्या वेळी अंगठा उठला. त्या दिवशी ती घरी आली आणि जेवायला बसलीच नाही. भिंतीला टेकून म्हणाली, "आई, या विषयावर मी मुख्य परीक्षेत उत्तर लिहिलंय. आकृती काढून. आजीला कधी विचारलं नव्हतं."

"परीक्षेत आजीची सही लागत नाही," मी म्हणाले.

तिने वही उघडून आजीचं पान पुन्हा वाचलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी माझ्या हातातून निसटतंय.

चौऱ्याण्णवाव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या तारखेला, आम्ही तिघं, म्हणजे मयुरी, सर आणि मी, संस्थेच्या ऑफिसात संगणकासमोर बसलो. विषयाची यादी उघडलेली. सर म्हणाले, "वहीत एक पान राहिलंय. तुझ्या आईचं."

मयुरीने ते लिहून आणलेलं होतं. मला वाचून दाखवलं. ते पान माझ्याकडे आहे, म्हणून जसंच्या तसं देते.

"आईचं म्हणणं असं की विषय लहान आहे म्हणून घ्यावा. मागच्या खेपेला यादी लागली तेव्हा आईने माझं नाव तीन वेळा वरून खाली शोधलं आणि मग शेवटच्या नावापासून उलटं वर शोधलं. आईला वाटतं, मी कमी पडले नाही, माप चुकलं. मशीन बिघडलं होतं तेव्हा तिने सगळ्या गावाच्या नोंदी दुरुस्त केल्या. माझी नोंद दुरुस्त करायला तिच्याकडे तक्त्याशिवाय दुसरं काही नाही."

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. यादी उलटी वाचताना ती बघत होती, हेही मला माहीत नव्हतं. मी सही केली. पेन उमटेना म्हणून दोनदा केली.

सर म्हणाले, "आता तुझं. विषय का घेतेस?"

"लहान म्हणून नाही," मयुरी म्हणाली. "आजीनं सही नाकारली तेव्हा मला कळलं की मी ऐकत नव्हते. मला हे शिकायचंय."

"परीक्षेत याला गुण नाहीत."

"माहीत आहे, सर."

"भर मग फॉर्म." आणि त्या दिवसापासून त्यांनी पुस्तकं काढली. संस्थेच्या मागच्या पायरीवर रोज नऊ ते साडेअकरा. चार्वाकापासून वेदान्तापर्यंत आणि तिकडच्या परदेशातल्या सगळ्यांपर्यंत. प्रत्येकाचं म्हणणं तिने आधी असं मांडायचं की तो समोर असता तर त्याने सही केली असती. सर त्यांच्या वतीने सही करत किंवा नाकारत. जास्त करून नाकारत.

पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा दोन्हींत ती पास झाली. मुलाखतीला दिल्लीला जाऊन आली. यादीत नाव नव्हतं. अकरा गुण कमी पडले. तत्त्वज्ञानात तिला तिच्या सगळ्या पेपरांत सगळ्यात जास्त गुण होते. गेले ते सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात, आणि त्या पेपराला तिला साधारण तीन महिने कमी पडले. तीन महिने म्हणजे किती दिवस, ते मी कॅलेंडरवर दाखवू शकते. मयुरी म्हणते, "आई, तसं काही नसतं." मी म्हणते, असतं.

त्यानंतर ती पंधरा दिवस फारशी बोलली नाही. तिचे वडील म्हणाले, तू नियम मोड, तिला चौथ्यांदा बसू दे, म्हणजे बोलेल. मीही मनात तेच ठरवलं होतं. एकवीस वर्षांत खाडाखोड केली नाही, पण ही करणार होते. तरी म्हटलं, रीतीने करू. मी कागद घेतला आणि मयुरीचं म्हणणं लिहिलं: "मला चौथ्यांदा बसायचं आहे, पण आईच्या नियमामुळे बोलता येत नाही." तिच्यापुढे ठेवला.

तिने वाचला आणि परत सरकवला. "हे माझं नाही."

दुसऱ्यांदा लिहिलं की तिला शेतकी घेऊन बसायचं आहे. परत. तिसऱ्यांदा लिहिलं की ती खचली आहे आणि तिला थोडा वेळ हवा आहे. तिने तो कागद जास्त वेळ हातात धरला, पण परतच केला. मला राग आला. मी म्हणाले, "मग तूच सांग ना."

"तू लिही," ती म्हणाली. "तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. पंधरा दिवस ती बोलली नाही असं मी वर लिहिलं, पण ते फक्त घरात. त्या पंधरा दिवसांत ती रोज आजीच्या वस्तीवर जाऊन दिवसाच्या लाइटीचा अर्ज लिहीत होती, आणि तिथे तिचं हसणं मी रस्त्यावरून ऐकलं होतं. चौथ्या कागदावर मी लिहिलं: "मला आता परीक्षेला बसायचं नाही. हरले म्हणून नाही. आईला कसं सांगायचं एवढंच कळत नाही."

तिने सही केली. तारीख घातली, कारण तारखेशिवायचा कागद मी मानत नाही हे तिला ठाऊक आहे.

आता ती मंचरला शेतमालाच्या एका कंपनीत काम करते, आणि बाजाराच्या दिवशी घोडेगावात एका दुकानाच्या ओट्यावर बसून भीमाशंकरकडच्या वाड्यांतून आलेल्या माणसांचे अर्ज लिहिते. आधी वाचून दाखवते, मग "हे तुमचंच म्हणणं ना?" म्हणून सही घेते, मग पाठवते. लोक तिला मॅडम म्हणतात. ज्या कचेऱ्यांत तिने खुर्चीवर बसायचं होतं, त्याच कचेऱ्यांच्या दारात तिचे अर्ज जातात. याचा मला संताप येतो, आणि हा संताप मी गिळणार नाही. एक अधिकारी माझ्या घरात होता होता राहिला. शिकवणाऱ्याने परीक्षेपुरतं शिकवावं. मुलीला स्वतःचं मन कळेपर्यंत शिकवायला त्यांना कुणी सांगितलं होतं?

हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगायचं ठरवलं. यादी लागायच्या आधीच त्यांची नजर अधू झाली होती, म्हैस विकली होती, आणि ते पिंपरी पेंढारला पुतण्याकडे राहायला गेले होते. म्हशीला निरोप देताना काय म्हणाले ते मला माहीत नाही. तर मी नारायणगाव, आळेफाटा अशा गाड्या बदलत तिथे गेले. ते ओट्यावर बसले होते, खिशात खडू होता. मी सुरुवात केली तसं त्यांनी हात वर केला.

"ताई, आधी माझं म्हणणं."

म्हणून मी परत आले आणि लिहिलं. लिहून गेले, त्यांनी नाकारलं. दुसऱ्यांदा गेले, तेही नाकारलं. भिंग लावून वाचतात, घाई अजिबात नाही. या महिन्यात चौथ्यांदा गेले. या वेळी मी पुष्कळ विचार करून लिहिलं होतं: "सरांचं म्हणणं असं की परीक्षा गौण आहे. मुलगी अधिकारी झाली काय, न झाली काय, त्यांना फरक पडत नव्हता. त्यांना फक्त त्यांचा विषय कुणीतरी लहान न समजता शिकायला हवा होता." मला वाटलं, आता पळवाट नाही. सही करतील आणि मग मी तोंड उघडेन.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मधलं वाक्य माझं नाही."

"कोणतं?"

"फरक पडत नव्हता हे."

"सर, तुम्ही चौऱ्याण्णव दिवस पुस्तक उघडू दिलं नाहीत. फरक पडत होता तर का नाही दिलंत?"

"तो तुमचा वाद आहे. तो सहीनंतर." मग भिंग पुन्हा उचलून म्हणाले, "यादी लागली तेव्हा मी इथल्या पोराच्या मोबाइलवर वाचली. भिंग लावून. वरून खाली नाव दिसलं नाही. मला वाटलं, डोळ्यांनी दगा दिला असेल. मग खालून वर वाचली."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "पुन्हा लिहून आणा."

येत्या रविवारी जाणार आहे. कागद तयार आहे, मधलं वाक्य बदललं आहे, आणि या वेळी ते सही करतील असं मला वाटतं. केली की मग मी बोलणार आहे. चौऱ्याण्णव दिवसांचं कॅलेंडर पिशवीत ठेवलं आहे.